कान, काणां आणि एकशे वीस कुंड्या

कुंडी विकत घ्यायला आलेला माणूस आधी तिला टिचकी मारतो आणि काहीतरी कळल्यासारखा चेहरा करतो. बत्तीस वर्षं मी हा चेहरा बघितला. टिचकी कशासाठी मारायची ते शंभरात दोघांना ठाऊक असतं, बाकीचे दुसऱ्याचं बघून मारतात. मी कधी कोणाला हटकलं नाही. टिचकी मारली म्हणजे अर्धा सौदा झाला, असं आमच्याकडे धरायचं.

आता दुकान बंद केलंय, तेव्हा सांगून टाकते. नीट भाजलेली मातीची कुंडी टिचकी मारल्यावर खणखणते. आत कुठे केसाएवढा तडा असला तर भद्द वाजते. कच्ची राहिली असेल तर वाजतच नाही, गप्प बसते, आणि अशी कुंडी पहिल्या पावसाळ्यात विरघळायला लागते. काही लबाड लोक कच्च्या मालावर गेरूचा लाल हात मारतात. दिसायला ती नव्या नवरीसारखी दिसते. ओलं बोट फिरवून बघा, बोट लाल झालं तर पुढच्या दुकानात जा. एवढं शिकलात तर स्वस्तात सुंदर कुंडी मिळवायला तुम्हाला कोणाची गरज नाही. हेच मी दुकान चालू असताना सांगितलं असतं तर माझ्या पोटावर पाय आला असता.

दुकान म्हणजे बडोद्यात लहरीपुरा दरवाज्याजवळच्या बोळात आठ बाय दहाची जागा. निम्मा माल रस्त्यावर. आमच्या सासरची मंडळी मूळची संस्थानच्या फौजेतली, घरात अजून एक गंजकी तलवार आहे. सुनेने कुंड्या विकायला बसायचं ठरवलं म्हणून सासूबाईंनी दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी त्या दुकानात आल्या, तुळशीसाठी सगळ्यात चांगली कुंडी निवडली आणि पैसे न देता घेऊन गेल्या. त्यावरून मी समजले की परवानगी मिळाली.

गिऱ्हाईक मला मासी म्हणायचं. गुजरातीत मासी म्हणजे मावशी. माझी पुण्याची जाऊ एकदा दुकानात येऊन बसली आणि तासाभराने मला म्हणाली, "वहिनी, ही माणसं तुम्हाला माशी का म्हणतात हो? आणि तुम्ही ओ देता?" मी म्हटलं, "गुळाजवळ बसलेय ना, म्हणून." तिला ते शेवटपर्यंत पटलं नाही.

तऱ्हेवाईक गिऱ्हाइकांची तर यादीच काढायची. एक बाई पडद्याचा तुकडा घेऊन यायच्या, त्या रंगाची कुंडी पाहिजे. दर वर्षी पडदे बदलायच्या. एक गृहस्थ लेव्हल बघायचं गवंड्याचं हत्यार घेऊन यायचे आणि प्रत्येक कुंडीच्या काठावर ठेवून बघायचे. आणि एका काकांनी बाथरूम नवं केलं, तर जुना पांढरा कमोड टाकवेना. त्यांनी मला फोटो दाखवून विचारलं, यात जास्वंद लागेल का? धंद्याचं खरं सांगायचं तर पाण्याचा निचरा त्याच्याइतका उत्तम कशातच नाही. मी तसं बोलून गेले. काकांनी तो गॅलरीत दर्शनी ठेवला, जास्वंद लावली, फुलंही टपोरी आली. समोरच्या इमारतीतल्या लोकांनी तक्रार केली की आम्हाला सकाळी खिडकी उघडायची सोय राहिली नाही. काका मला म्हणाले, "मासी, लोकांना फूल दिसतच नाही हो."

स्वस्तातलं आणि देखणं पाहिजे असेल तर मी लोकांना सरळ सांगायचे, बाजारात नवी वस्तू शोधू नका. तेलाचा पत्र्याचा डबा, रंगाची बादली, टिचलेला माठ, काहीही चालतं, फक्त तळाला भोक पाहिजे. भोक नसलं तर पाणी साचतं, मुळं कुजतात, आठवड्यात झाड माना टाकतं. कुंडी कशीही असो, भोक आहे म्हणून ती कुंडी. हे वाक्य मी इतक्या ऐटीत म्हणायचे की माझं मलाच कौतुक वाटायचं. आणि शेवटी त्या भोकानेच माझी फजिती केली.

झालं असं. गोरव्याकडच्या एका नव्या इमारतीतल्या बायका एकदा दुकानात आल्या. त्यांच्या म्होरक्या मीनलबेन, बँकेतून निवृत्त झालेल्या, बोलणं एकदम हिशेबी. गच्चीवर भाजी लावायची होती, भेंडी, गवार, मिरची, पुदिना. कुंड्या पाहिजेत एकशे वीस, सगळ्या सारख्या, दिसायला छान, आणि किंमत प्लॅस्टिकच्या वर जायला नको. शिवाय मुहूर्त अखात्रीजचा. अखात्रीज म्हणजे आपली अक्षय्य तृतीया, भर उन्हाळा. त्या उन्हात माणूस सुकतो तिथे मिरचीचं काय, पण मुहूर्ताशी वाद घालून बडोद्यात कोणी धंदा केलेला नाही.

माझे कुंभार होते सावली गावचे भिखाभाई. वीस वर्षांचा संबंध. त्यांचा हात असा की डोळे मिटून काढलेल्या दहा कुंड्या एकात एक बसाव्यात. आणि कान त्याहून तयार. भट्टी उघडली की भिखाभाई एकेक कुंडी कानाशी धरून टिचकी मारायचे आणि उजवीकडे किंवा डावीकडे ठेवायचे. उजवीकडची विकायची, डावीकडची फोडायची. त्यांनी उजवीकडे ठेवलेली एकही कुंडी माझ्याकडे कधी परत आली नाही. पण प्लॅस्टिक आल्यापासून काम निम्म्यावर आलं होतं. त्यांचा मुलगा मुकेश वडलांच्या मागे लागला होता की आता चाक बंद करा, कंपनीच्या गेटवर वॉचमनची जागा आहे, खुर्चीत बसायचं, पगार वेळेवर. भिखाभाई म्हणायचे, एक मोठं काम येऊ दे, मग बोलू. म्हणून एकशे वीस कुंड्यांचं काम मिळालं तेव्हा मला माझ्यापेक्षा त्यांच्यासाठी आनंद झाला.

भिखाभाईंच्या कुंडीला दोन्ही बाजूंनी छोटे कान असायचे, धरायला. दिसायला गोड, पण टेम्पोत एकमेकांवर आपटून आधी तेच तुटतात, आणि कान लावायला वेळ लागतो म्हणून किंमतही चढते. मीनलबेनच्या किमतीत बसवायचं तर कान काढायला हवे होते. मी फोन उचलला. तोंडात चहात बुडवलेली खारी होती, समोर दोन गिऱ्हाइकं उभी, आणि मी माझ्या अस्खलित गुजरातीत सांगितलं की आठ इंची, एकशे वीस, अने कानां वगरनां. वगर म्हणजे शिवाय.

आता माझ्या गुजरातीबद्दल एक शब्द. जन्म बडोद्यातला, शाळा बडोद्यातली, बाजार बडोद्यातला. मी बोलले की लोक विचारायचे, तमे मराठी छो? लागतुं नथी. वाटत नाही म्हणे. हे ऐकलं की मला मूठभर मांस चढायचं. जाऊबाईंना मी हे दर गणपतीत ऐकवायचे.

अखात्रीजच्या तीन दिवस आधी टेम्पो थेट गोरव्याला इमारतीच्या पार्किंगमध्ये लागला. मीही पोचले. कुंड्या अशा देखण्या उतरल्या की बायकांनी टाळ्या वाजवल्या. काठ गोल, रंग एकसारखा, कान नाहीत. मीनलबेनने एक उचलली, हिशेबी माणसासारखी उलटी केली, आणि माझ्यापुढे धरली. बूड सपाट होतं. दुसरी उलटी केली, तीही सपाट. मी स्वतः वीस-पंचवीस उलट्या केल्या. एकशे वीस कुंड्या आणि भोक एकीलाही नाही.

माझी पाचावर धारण बसली. सगळ्या बायका माझ्याकडे बघतायत. मी तिथल्या तिथे सावलीला फोन लावला, आणि माझी चूक नाही हे सगळ्यांना कळावं म्हणून स्पीकरवर टाकला. म्हटलं, "भिखाभाई, मी कान नको म्हणाले होते. तुम्ही भोकंच गाळलीत?"

"बेन, तमे काणां वगरनां कह्युं," ते म्हणाले. काणुं म्हणजे भोक. "हा उन्हाळा, सगळे पक्ष्यांना पाणी ठेवायला बिनभोकाचीच कुंडी मागतायत. मला वाटलं तुम्हालाही तशाच पाहिजेत."

"मी स्वच्छ कान म्हणाले. एकदा तपासून घ्या तुमचे कान."

फोन मुकेशचा होता, तो शेजारीच उभा राहून ऐकत होता. मग भिखाभाई हळूच म्हणाले, "हशे, बेन. मारी भूल." असेल, माझी चूक. मी फोन ठेवला आणि बायकांना म्हटलं, काय करणार, वय झालं, कमी ऐकू येतं. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

तोड काढणं भाग होतं. माझे धाकटे दीर विलासभाऊजी गोरव्याच्याच एका कारखान्यात टर्नर. दुसऱ्या दिवशी सकाळी ते ड्रिल घेऊन हजर झाले. पहिली कुंडी उलटी ठेवून त्यांनी लोखंडाला लावावा तसा जोर लावला, कुंडीचे तीन तुकडे. दुसरीचे दोन. तिसरीला भाऊजींचा हात थांबला, कारण पार्किंगमध्ये चाळीस बायका श्वास रोखून उभ्या होत्या आणि त्यांना कामावर कधी कोणी असं बघितलं नव्हतं. शेवटी वाट सापडली. कुंडी तासभर पाण्यात बुडवायची, ओल्या गोणपाटावर उलटी ठेवायची, ड्रिलला फरशीचं बिट लावायचं, ठोके बंद करून ते नुसतं हळू फिरवायचं आणि वरून चमच्याने थेंब थेंब पाणी सोडत राहायचं. ओली माती लोण्यासारखी कातली जाते. पहिलं भोक आरपार पडलं तेव्हा असा गलका झाला की वॉचमन धावत आला.

मग काय, जत्राच भरली. कोणी बादल्या भरतंय, कोणी चमचे घेऊन रांगेत, कोणी ताक वाटतंय. दुपारपर्यंत मीनलबेनने भाऊजींच्या हातातून ड्रिल काढून घेतलं होतं. बँकेत आयुष्य गेलेली बाई, साडीचा पदर खोचून, डोळ्यांवर भाऊजींचा कारखान्यातला चष्मा, आणि म्हणतेय कशी, "भाई, तुम्ही बसा, तुमचा हात जरा जड आहे." भाऊजी माझ्याकडे बघत बसले. तीस वर्षांच्या नोकरीत त्यांना हे फोरमनसुद्धा म्हणाला नव्हता. सात कुंड्या फुटल्या, बाकीच्यांना भोकं पडली, आणि मी इतकी हसले की बरगड्या दुखल्या.

त्या हसण्यातच मी घसरले. ताक पिताना बायकांना रंगवून सांगत होते, की मी फोनवर चांगलं स्पष्ट म्हटलं होतं, कानां वगरनां. मीनलबेनने ड्रिल थांबवलं. "मासी, परत बोला."

"कानां वगरनां."

"बघा, काणां," पाठीमागून कोणीतरी म्हणालं.

मी पुन्हा म्हणून दाखवलं, जीभ दातांना लावून, न अगदी वाजवून. चाळीस बायकांनी एका सुरात सांगितलं की काणांच ऐकू येतंय. मीनलबेनने मग मला बालवाडीतल्या बाईसारखं समजावलं. गुजरातीत एक कान, दोन कान, हजार कान, सगळे कानच. कानां असा शब्दच नाही. तुम्ही न म्हणा नाहीतर काहीही म्हणा, ऐकणारा कानांच्या जागी काणांच ऐकणार, कारण त्याला दुसरा शब्दच माहीत नाही.

बरोबर होतं तिचं. घरी मी मराठीत म्हणते, कानांशिवाय. ते आमचं कानां खारीच्या तुकड्याबरोबर गुजरातीत उतरलं होतं. बायका गडबडा लोळायच्या बाकी होत्या. मीही हसले. पण सावलीला फोन करून, भिखाभाई, चूक माझी होती, एवढं मी म्हणाले नाही. उद्या करू, परवा करू. खरं सांगायचं तर लाज वाटली. माझ्या गुजरातीची सगळी ऐट त्या एका शब्दावर उभी होती.

अखात्रीजला गच्चीवर कुंड्या मांडल्या, हळदकुंकू वाहिलं, सगळं थाटात झालं. पंधरा दिवसांनी मी नवीन मालासाठी सावलीला फोन लावला तर मुकेश म्हणाला, "मासी, बापुजींनी चाक बंद केलं. पहिल्या तारखेपासून वॉचमनच्या जागेवर जातायत."

मी म्हटलं, "का रे, एवढं मोठं काम तर झालं."

"तुम्हीच तर फोनवर सांगितलंत ना, कान तपासून घ्या म्हणून. कमी ऐकू येतं हे आम्हाला घरात कळलंच नव्हतं. आता त्यांनाही टिचकीवरून काही समजत नाही. चांगला माल डावीकडे टाकतात."

मी फोन ठेवला. कुंभाराला बहिरा म्हणणं म्हणजे काय, ते मला माहीत असायला हवं होतं. माती हाताने घडते, पण पास-नापास कान करतो. मी चाळीस बायकांसमोर त्याच्या कानावर खोटा ठपका ठेवला होता आणि त्याने तो खरा मानला होता. वीस वर्षांत त्याने मला एक तडकी कुंडी दिली नाही आणि मी त्याला काय दिलं? चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

दुसऱ्या दिवशी सकाळची एसटी धरून सावली गाठली. भिखाभाई अंगणात खाटेवर बसले होते, चाकावर गोणपाट टाकलेलं. डाव्या बाजूला कुंड्यांचा ढीग, उजवीकडे दोन-चार. मला बघून उठले, पाणी दिलं, आणि मी तोंड उघडण्याच्या आत स्वतःच म्हणाले, "बेन, वय झालं. मला आता वाजलेलं कळत नाही. तुमचं नुकसान केलं मी."

मला रडू येत होतं आणि हसूही येत होतं, दोन्ही एकदम आलं की माझा आवाज फाटतो. मी मुकेशला हाक मारली. "मुकेश, इकडे पाठ करून उभा राहा. मी बोलते ते तुझ्या बापुजींना सांग." तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मी म्हटलं, "कानां वगरनां."

"काणां वगरनां," मुकेश म्हणाला.

"नीट ऐक. कानां वगरनां."

"हो तर, काणां वगरनां. भोकाशिवाय. शुं छे एमां?" त्यात काय एवढं, म्हणे.

स्वयंपाकघरातून त्याची बायको बाहेर आली. तिला विचारलं, तीही काणां. शेजारीण कुंपणावरून बघत होती, तिने न विचारताच सांगितलं, काणां. मग मी भिखाभाईंपुढे हात जोडले आणि सगळं सांगितलं, खारीच्या तुकड्यासकट. "कान तुमचे ठीक आहेत. जीभ माझी मराठी आहे. हे मला अखात्रीजच्या आधीच कळलं होतं आणि मी तोंड शिवून बसले. मला माफ करा."

मुकेश वडलांकडे बघेना. भिखाभाई मात्र हसले नाहीत की रागावले नाहीत. डावीकडच्या ढिगापाशी गेले, एक कुंडी उचलून कानाशी धरली आणि टिचकी मारली. खणकन वाजली. त्यांनी ती उजवीकडे ठेवली. दुसरी घेतली, तीही वाजली, उजवीकडे. तिसरी भद्द, ती परत डावीकडे. ढीग संपेपर्यंत आम्ही तिघं बघत उभे होतो. डावीकडे शेवटी पाच उरल्या. मग ते मुकेशला म्हणाले, "माती भिजव."

पहिली तारीख आली तेव्हा भिखाभाई गेटवर गेले नाहीत, चाकावर बसले. पुढे मीनलबेनच्या इमारतीवरून आणखी दोन इमारतींचं काम आलं. एका बाईने तर मुद्दाम बिनभोकाची मोठी कुंडी मागितली, कमळ लावायला. दुकान बंद केलं त्या आठवड्यात सावलीहून शेवटचा टेम्पो आला, त्यात एक कुंडी वेगळी गवतात गुंडाळलेली होती. मोठी, सुरेख, दोन्ही बाजूंना ऐटदार कान. उलटी केली तर भोक नाही. सोबत निरोप होता, "बेन, आमां कान छे, काणुं नथी. हवे आने शुं कहेशो?" आता हिला काय म्हणणार?

ती माझ्या गॅलरीत असते. मी तिच्यात पाणी भरते, चिमण्या येतात, पारवे येतात. येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो की एवढी सुंदर कुंडी आणि हिला भोक कसं नाही, कुंभार विसरला वाटतं. मग मी त्याला बसवते, चहा टाकते आणि पहिल्यापासून सांगते, की कुंभार काही विसरत नाही, आणि त्याला सगळं ऐकू येतं.